वाचनक्रमाची हमाली

‘वन पीस’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, १९९७ साली सुरू झाली आणि अजून संपलेली नाही. खंडांची शंभरी कधीच उलटून गेली. हाताखाली मदतनीस असले तरी गोष्ट एकाच माणसाची, एइचिरो ओदा यांची. एवढं मोठं प्रकरण अंगावर घ्यायचं की नाही यावर लोक तासभर बोलतात. पण सुरुवात कुठून करू, असं कोणी विचारत नाही. पहिल्या खंडावर १ हा आकडा छापलेला असतो.

आता ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ घ्या. त्याचा पहिला अंक १९६३ सालचा. पुढे १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ अशा सहा वेळा मार्व्हल या प्रकाशकाने आकडे पुसून पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. का, तर ‘अंक पहिला’ असं मुखपृष्ठावर असलं की तो जास्त खपतो. आज या नावाच्या मालिकेचे सात ‘पहिले अंक’ आहेत. आणि कहर म्हणजे स्पायडर-मॅन मुळात अवतरला तो १९६२ मधल्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात. सात पहिल्या अंकांपैकी एकही पहिला नाही!

तेव्हा अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचायला घेणाऱ्याला धडकी भरते ती त्यांच्या लांबीमुळे नव्हे. हौशी वाचकांनी बनवलेल्या याद्या त्याच्या हातात पडतात: हा अंक वाचा, मग दुसऱ्या मालिकेतले दोन, मग परत इकडे या, मध्ये एक विशेषांक आहे तो वगळलात तरी चालेल पण वगळू नका. याद्या करणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. पण हे काम त्यांचं नाही. अंक कुठल्या क्रमाने वाचायचे हे सांगणं संपादकाचं काम, त्याचा त्याला पगार मिळतो. तो पगार घेतो आणि हमाली वाचक करतो, तीही पदरचे पैसे घालून.

गुंत्याचं नेहमी दिलं जाणारं कारण मला पटत नाही. सांगितलं असं जातं, की ऐंशीहून जास्त वर्षांचा साठा, शेकडो लेखक, हजारो पात्रं. मग कंटिन्युइटीचा, म्हणजे मागच्या-पुढच्या गोष्टींचा मेळ राखण्याचा, गुंता होणारच. जणू काळाच्या ओघात आपोआप साचलेला गाळच. प्रत्यक्षात हा गुंता विक्रीच्या पद्धतीने घातला. अंक कसे विकले जात होते ते पाहिलं की गोष्टी तशा का लिहिल्या गेल्या ते कळतं.

सुपरमॅन आला १९३८ मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात, किंमत दहा सेंट. त्या काळात कॉमिक्स मिळत ती वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात, तारेच्या फिरत्या रॅकवर. न खपलेले अंक परत जायचे. या महिन्यात अमुक मालिका आली म्हणून पुढच्या महिन्यात त्याच दुकानात ती येईलच असं नाही. आणि पोराच्या खिशात तेव्हा दहा सेंट असतीलच असंही नाही. मग लेखक काय करणार? गोष्ट अंकात सुरू करायची आणि अंकातच संपवायची. इटालियन लेखक-विचारवंत उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी नेमकं हेरलं, की या गोष्टींत काळ खर्चच होत नाही. मागच्या गोष्टीत काय घडलं याचा पुढच्या गोष्टीत मागमूस नसतो, सगळं स्वप्नातल्यासारखं धूसर असतं. एको यांना त्यात राजकारण दिसलं. मला आधी तो तारेचा रॅक दिसतो.

गंमत अशी, की एको हे लिहीत होते त्याच सुमाराला अमेरिकेत चित्र पालटू लागलं होतं. आणि ते ज्या नजाकतीने पालटलं ते थोडं तपशिलात सांगण्यासारखं आहे.

सुपरमॅनचा प्रकाशक असलेल्या डीसीने १९५६ साली ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात फ्लॅश नव्याने आणला. नाव जुनं, माणूस नवा: बॅरी ॲलन. १९४० पासून जो फ्लॅश धावत होता तो जे गॅरिक, आणि त्याचे अंक बंद पडून काही वर्षं लोटली होती. नव्या पोरांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, थोरल्या भावंडांना मात्र तो आठवत होता. मग ‘द फ्लॅश’च्या १२३व्या अंकात, १९६१ मध्ये, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ, लेखक गार्डनर फॉक्स आणि चित्रकार कार्माइन इन्फँटिनो यांनी दोघांची गाठ घालून दिली. बॅरी एका कार्यक्रमात करामती करून दाखवताना भलत्याच पृथ्वीवर जाऊन पोचतो. तिथे जे गॅरिक हा हाडामांसाचा माणूस आहे, आता वय झालेला. बॅरी थक्क होतो, कारण त्याने लहानपणी जेची कॉमिक्स वाचलेली असतात. त्याच्या लेखी जे गॅरिक हे एक कॉमिक्समधलं पात्र. मग बॅरीच खुलासा करतो: आमच्या पृथ्वीवर गार्डनर फॉक्स नावाचा एक लेखक होता, त्याला झोपेत तुमचं जग दिसत असणार. आणि जे गॅरिकची पहिली गोष्ट १९४० मध्ये खरोखर लिहिली होती ती याच फॉक्स यांनी.

आज ज्या मल्टिव्हर्सच्या, म्हणजे अनेक समांतर विश्वांच्या, नावाने नवखा वाचक हाय खातो, त्याचं मूळ या एका अंकात आहे. आणि हा अंक वाचायला काहीही आधी वाचावं लागत नाही. जे गॅरिक कोण, तो कुठे राहतो, दोघं वेगळ्या पृथ्वीवर का, सगळं तिथल्या तिथे, गोष्टीच्या ओघात. ज्याने जेचं नाव ऐकलं नव्हतं त्याला एक नवा नायक मिळाला, ज्याला तो आठवत होता त्याच्या अंगावर काटा आला. एकाच पानावर दोन्ही वाचकांची सोय. कंटिन्युइटी हाताळणं म्हणजे काय याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही, आणि तो पासष्ट वर्षांपूर्वीचा आहे.

मार्व्हलची गोष्ट वेगळी, पण तिच्याही मुळाशी वितरणच. १९५७ साली त्यांची वितरणव्यवस्था कोलमडली आणि मालक मार्टिन गुडमन यांना ज्या वितरकाच्या दारात जावं लागलं तो होता प्रतिस्पर्ध्याच्याच, म्हणजे आज ज्याला आपण डीसी म्हणतो त्याच्या, घरचा. त्याने अट घातली: महिन्याला साधारण आठच शीर्षकं. या जाचातून एक नकळत सोय झाली. १९६१ च्या अखेरीस ‘फँटॅस्टिक फोर’ आला, पाठोपाठ हल्क, थॉर, स्पायडर-मॅन. पण महिन्याचे अंक मूठभरच. अंकाची किंमत बारा सेंट. आठ अंकांचे झाले शहाण्णव सेंट. एका डॉलरच्या आत अख्खं विश्व वाचता येत होतं! हल्क दुसऱ्याच्या अंकात डोकावला तर वाचकाला तो कुठून आला हे माहीत असायचं, आणि नसलंच तर चौकटीच्या तळाशी तारांकित टीप असायची: हे अमुक मालिकेच्या तमुक अंकात घडलं.

ती टीप म्हणजे जाहिरातच होती, हे कबूल. पण प्रामाणिक जाहिरात. वाचकाला एवढंच सांगणारी, की इथे जेवढं लागतं तेवढं तुला मिळालं आहे, अधिक हवं असेल तर ते तिकडे. ‘प्रत्येक अंक कोणाचा तरी पहिला अंक असतो’ हे वाक्य स्टॅन ली यांच्या नावावर सांगितलं जातं. वाक्य कोणाचंही असो, त्या काळच्या पानापानांत ते पाळलेलं दिसतं. आपला कीर्तनकार उत्तररंगात वस्त्रहरणाचं आख्यान लावतो तेव्हा समोरच्यांना ‘आधी आदिपर्व वाचून या’ असं सांगत नाही. द्यूत का झालं, पणाला काय काय लागलं हे पुढ्यात बसलेल्या पोरासोरांसाठी चार वाक्यांत सांगतो, आणि ज्यांना सगळं पाठ आहे ती म्हातारी माणसंही ती चार वाक्यं आवडीने ऐकतात.

मग हे बिघडलं कधी? विक्री बदलली तेव्हा. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग या वितरकाने प्रकाशकांशी थेट करार केला: अंक जास्त सवलतीत घेऊ, पण न खपलेले परत करणार नाही. यातून कॉमिक्सची खास दुकानं उभी राहिली. प्रकाशकाची परतीची कटकट गेली आणि वाचकाला प्रत्येक अंक मिळण्याची खात्री झाली. १९८१ मध्ये मार्व्हलने ‘डॅझलर’चा पहिला अंक फक्त या दुकानांसाठी काढला आणि तो तुफान खपला. इथून पुढे प्रकाशकाच्या डोळ्यांसमोरचा गिऱ्हाईक बदलला. रॅकसमोर थबकलेलं पोर गेलं. दर आठवड्याला ठरल्या वारी येणारा, सगळं घेणारा, सगळं लक्षात ठेवणारा मोठा माणूस आला. वाचकाला मिळेल याची खात्री झाल्याबरोबर त्याने ते वाचलेलं असणारच, हे लेखकाने गृहीत धरलं. एकाच गोष्टीचे तुकडे चार मालिकांत विखुरता येऊ लागले. फोड करून सांगण्याची गरज उरली नाही. उलट, न सांगण्यातच फायदा: कळलं नाही तर आणखी एक अंक विकत घेईल.

विखुरणं वाईटच असतं असं नाही, आणि इथे सुपरमॅनच्या १९९० च्या दशकातल्या अंकांचं उदाहरण मला द्यावंसं वाटतं. तेव्हा सुपरमॅनच्या सुरुवातीला तीन आणि लवकरच चार मासिक मालिका होत्या. संपादक माइक कार्लिन यांनी सगळ्यांची एकच गोष्ट केली, म्हणजे नावं चार पण व्यवहारात साप्ताहिक एक. १९९१ पासून मुखपृष्ठावर एक छोटा त्रिकोण येऊ लागला, त्यात वर्ष आणि आकडा. या वर्षातला बारावा, मग तेरावा, मालिका कुठलीही असो. बस्स, झालं काम. आजही जुन्या अंकांचा गठ्ठा हातात आला तर त्रिकोण पाहून एखादा आठवीतला मुलगा तो लावून देईल. पुढे १९९५ मध्ये, ज्या महिन्यात पाचवा आठवडा येतो त्याच्यासाठी म्हणून एक पाचवी मालिकाही निघाली! लोभ इथेही होताच. सुपरमॅनची आवड असेल तर चारही मालिका घेणं भाग होतं. पण लोभाबरोबर निदान नकाशा तरी दिला होता. तो छापायला खर्च किती, तर एका त्रिकोणाइतक्या शाईचा.

नकाशा देण्याऐवजी प्रकाशकांनी जो दुसरा मार्ग धरला तो मला कधीच पटलेला नाही: गुंता झाला, तर घरच पाडा.

याची सुरुवात १९८५-८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’पासून. लेखक मार्व वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ, बारा अंक. अनेक पृथ्व्या आता एकच करायच्या, म्हणजे नव्या वाचकाला सोपं जाईल, हा हेतू. काम म्हणून ते देखणं आहे. पेरेझ यांच्या एका पानावर जेवढी पात्रं उभी असतात तेवढी इतरांच्या अंकभर नसतात. पण परिणाम काय झाला? जॉन बर्न यांनी १९८६ मध्ये सुपरमॅन पहिल्यापासून सांगितला आणि त्यात तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच असं ठरलं. इकडे ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ हा भविष्यातल्या पोरांचा गट १९५८ पासून उभा होता तो सुपरबॉयच्या प्रेरणेवर. सुपरबॉयच नाही तर लीजन कशी? मग खुलासा म्हणून एक खिशातलं विश्व, म्हणजे सुपरबॉयसाठी वेगळं छोटं जग, निर्माण करावं लागलं. हॉकमॅन या पंखवाल्या नायकाचं तर विचारूच नका. क्रायसिसनंतर तो इतरांच्या अंकांतून जुनाच माणूस म्हणून वावरत राहिला. १९८९ मध्ये ‘हॉकवर्ल्ड’ने त्याचा जन्म नव्याने सांगितला आणि पुढच्या वर्षी ठरलं की ही गोष्ट भूतकाळातली नाही, आत्ताची आहे. मग इतकी वर्षं जो वावरत होता तो कोण? त्याचा निकाल लावायला १९९४ चा ‘झीरो अवर’, त्यानेही भागलं नाही म्हणून पुढे आणखी खुलासे. गुंता सोडवण्यासाठी केलेल्या कामाचा वाचनक्रम आता स्वतंत्रपणे शिकावा लागतो. २००६-०७ पर्यंत डीसीत पुन्हा बावन्न पृथ्व्या झालेल्याच होत्या.

२०११ मध्ये पुन्हा तेच. ‘न्यू ५२’ नावाने बावन्न मालिका एकदम पहिल्या अंकापासून. यावेळी तर पाडकामही अर्धवट: ग्रीन लँटर्न आणि बॅटमॅन यांच्या गोष्टी चांगल्या चालल्या होत्या म्हणून त्यांचा बहुतेक भूतकाळ ठेवला, बाकीच्यांचा पुसला. सुपरहिरो जगासमोर येऊन जेमतेम पाच वर्षं झाली आहेत असं ठरलं. वाचकांनी लगेच बोटं मोजली: बॅटमॅनचे रॉबिन, म्हणजे जोडीदार पोरगे, झाले चार, आणि चौथा तर त्याचा पोटचा मुलगा डेमियन, वय वर्षं दहा. पाच वर्षांत हे बसतं कसं? ज्या नव्या वाचकासाठी हे सगळं केलं त्याला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. तो पडला जुन्या वाचकाला, आणि त्यालाच दुखावलं. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, ‘रीबर्थ’ म्हणून जुनं परत आणण्याची सुरुवात झाली.

मार्व्हलवाले म्हणतील, आम्ही कधी असं पाडलं नाही. खरं आहे, त्यांची तऱ्हा निराळी. जोनाथन हिकमन यांची २०१५ ची ‘सीक्रेट वॉर्स’ ही मालिका घ्या. विश्वाचा अंत, मग नवी रचना, एसाद रिबिच यांची चित्रं अप्रतिम. आठ अंकांची ठरली होती, नऊ झाले आणि काम लांबलं. पण त्यानंतरच्या जगात घडणाऱ्या नव्या मालिका ऑक्टोबरमध्ये बाजारात आणायच्या हे वेळापत्रक ठरलेलं, ते थांबेना. त्या मालिका निघाल्यासुद्धा, ‘आठ महिन्यांनंतर’ म्हणून. आणि ‘सीक्रेट वॉर्स’चा शेवटचा अंक आला २०१६ च्या जानेवारीत. विश्वाचं काय होणार याचं उत्तर वाचकाला तीन महिने आधीच पहिल्या अंकांच्या मुखपृष्ठांवर मिळालं होतं. इथे प्रकाशनाचा क्रमसुद्धा कामाचा नाही. आज कोणी वाचणार असेल तर त्याने आधी ती मालिका संपवावी आणि मगच बाकीच्यांकडे वळावं. बरं, पैशांचाही विचार करा. २०२० मध्ये एक्स-मेनची ‘एक्स ऑफ स्वॉर्ड्स’ ही गोष्ट वेगवेगळ्या मालिकांत मिळून बावीस भागांत आली. अंक चार डॉलरचा धरला तरी एका गोष्टीचे झाले अठ्ठ्याऐंशी डॉलर. शहाण्णव सेंटांच्या विश्वापासून आपण कुठे आलो ते पाहा.

इथे काही जाणकार वाचक म्हणतात, की यावर उपाय आहे: प्रकाशनाचा क्रम सोडा, घटनांच्या क्रमाने लावा. म्हणजे विश्वात जे आधी घडलं ते आधी वाचा. मला हा उपाय रोगाहून वाईट वाटतो, आणि कॅप्टन अमेरिकाचं उदाहरण त्यासाठी पुरेसं आहे.

‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात, १९६४ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी कॅप्टन अमेरिकाला बर्फातून बाहेर काढलं आणि सांगितलं की महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, एका स्फोटात त्याचा जोडीदार बकी मेला आणि तो स्वतः गोठून गेला. अडचण एवढीच, की १९४५ नंतरही कॅप्टन अमेरिकाचे अंक निघाले होते, अगदी १९५४ पर्यंत, आणि त्यांत तो बकीसह कम्युनिस्टांना बडवत होता. मग तो कोण? आठ वर्षं हा प्रश्न तसाच राहिला. १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी त्या विसंगतीतूनच गोष्ट काढली: १९५० च्या दशकातला कॅप्टन हा दुसराच माणूस होता, चेहरा आणि नाव बदलून घेतलेला, देशभक्तीने माथं फिरलेला. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत खऱ्या कॅप्टनला स्वतःच्याच त्या रूपाशी लढायला लावणं ही साधी डागडुजी नव्हती. संपादकीय चुकीतून एवढं अर्थपूर्ण काही निघू शकतं, हे या माध्यमाचं खास देणं.

आणि बकी? तो मेलेलाच राहिला. बाकी कोणीही परत येईल पण बकी नाही, अशी वाचकांत जवळजवळ म्हणच झाली होती. २००५ मध्ये लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी त्याला विंटर सोल्जर म्हणून परत आणलं. पुढे चित्रपट आला, त्यामुळे हे गुपित आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण अंक वाचताना त्या धक्क्यामागे एक्केचाळीस वर्षांच्या अंकांमधलं कॅप्टनचं अपराधीपण उभं होतं. आता घटनाक्रमाने लावून पाहा. रशियनांनी बकीला पाण्यातून उचललं तो प्रसंग १९४५ चा, तेव्हा तो लागतो सुरुवातीलाच. म्हणजे कॅप्टन बर्फातून बाहेर येऊन जोडीदारासाठी आकांत करतो तेव्हा वाचकाला आधीच माहीत, की तो जिवंत आहे. गोष्टीने एक्केचाळीस वर्षं जपलेलं खोटं तुम्ही एका तक्त्यासाठी उधळून टाकलं. भूतकाळ बदलण्यातली मजा हीच, की आधी तो वेगळा होता हे वाचकाला माहीत असतं. म्हणून क्रम पाळायचाच तर लिहिण्याचा पाळावा.

या ठिकाणी आक्षेप येईल: कंटिन्युइटीचा एवढा आनंद सांगताय, मग वाचकाला सगळं वाचायला लावण्यात गैर काय? गैर हे, की त्याची गरजच नसते. ब्रुबेकर यांनी ते लावलं नाही. त्यांचा पहिला अंक उचला. बकी कोण, तो कसा गेला, कॅप्टनला त्याचं काय दुःख, हे सगळं तिथे आहे. हिकमन यांनीही २०१९ च्या ‘हाउस ऑफ एक्स’मध्ये हेच केलं. मॉयरा मॅक्टॅगर्ट ही १९७५ पासून साधी शास्त्रज्ञ म्हणून वावरणारी बाई; ती मुळात म्युटंट, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेली, आहे आणि हा तिचा दहावा जन्म आहे, असं त्यांनी एका अंकात तक्त्यासकट मांडलं. मॉयराचं नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही तो अंक खिळवून ठेवतो. शिवाय ‘हाउस’ आणि ‘पॉवर्स’ या जोड मालिकांचे बारा अंक कुठल्या क्रमाने वाचायचे हे अंकातच छापलं होतं. करता येतं, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको. नंतर याच हिकमन यांच्या देखरेखीखाली ते बावीस भागांचं प्रकरण झालं, ही गोष्ट मला आजही खटकते.

आपल्याकडे जुन्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. टाइम्स समूहाने मार्च १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली, ती मराठीतही निघत. ली फॉक यांचा वेताळ अमेरिकन वर्तमानपत्रांत १९३६ पासून रोज चालू होता. त्यातल्या गोष्टी निवडून, पानांत बसतील अशा कापून, मूळ क्रमाची फिकीर न करता इंद्रजालमध्ये येत. हातात पडायच्या त्याही कशाही: एक प्रवासात घेतलेला अंक, एक वाचनालयातला, एक मित्राशी अदलाबदल केलेला. तरी वेताळ कोणाला कळला नाही असं झालं नाही. कारण दर काही गोष्टींनंतर चार चौकटींत तो वारसा पुन्हा सांगितला जाई: चाच्यांनी बापाला मारलं, किनाऱ्याला लागलेल्या मुलाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हापासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, हा एकविसावा. चारशे वर्षांची कंटिन्युइटी, आणि वाचायला लागत होतं अर्धं पान. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोथम कॉमिक्सने मार्व्हल-डीसीचे अंक स्वस्तात भारतात आणले तेव्हा इथली पोरं मधूनच चढली, आणि जिथे चौकटीत टीप होती तिथे तरली.

हीच चूक आता चित्रपटांत होते आहे, म्हणून हा मूठभर हौशी लोकांचा प्रश्न राहिलेला नाही. मे २०२२ मध्ये डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा चित्रपट थिएटरमध्ये आला. त्यात वांडा ही चेटूक जाणणारी नायिका आपल्या मुलांसाठी जग उलथवायला निघते. कुठली मुलं? ती २०२१ च्या ‘वांडाव्हिजन’ या मालिकेत आहेत, आणि ती मालिका ओटीटीवर. तिकीट काढून बसलेल्याला मध्यंतरात शेजारच्या पुतण्याला विचारावं लागत असेल, तर पटकथेने आपलं काम पुतण्यावर ढकललं आहे. सुरुवातीच्या दशकात याच मंडळींना हे जमत होतं. २०१२ च्या ‘द ॲव्हेंजर्स’ला आधीचे पाच चित्रपट न बघता गेलेले कितीतरी लोक होते आणि त्यांचं काही अडलं नाही.

माझी मागणी फार नाही. मालिकेवरचे आकडे पुसू नका. अंकाच्या पहिल्या पानावर मागचं पाच ओळींत सांगा. गोष्ट दुसऱ्या मालिकेत जाणार असेल तर तसं छापा, आणि शेवट तरी जिथे सुरुवात केली तिथेच करा. संग्रहांच्या कण्यावर क्रमांक घाला. मार्व्हल आपल्या ‘एपिक कलेक्शन’च्या पुस्तकांवर तो घालतं, पुस्तकं मागेपुढे निघत असूनही, तेव्हा जमत नाही असं नाही. आणि कधीतरी गोष्ट संपवा. २०२४ मध्ये हिकमन यांनी मार्को केकेत्तो यांच्यासह नवी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ सुरू केली तेव्हा त्या विश्वाला कथेतच दोन वर्षांची मुदत होती, महिन्याला महिना. पीटर पार्कर इथे पस्तिशीचा, लग्न झालेला, दोन मुलांचा बाप, आणि कोळी त्याला आत्ता चावतो. आधीचं काहीही वाचलेलं नसताना लोकांनी ती डोक्यावर घेतली.

आणि वाचकाला? त्याने यादी बाजूला ठेवावी. एखाद्या लेखकाचं सलग काम निवडावं आणि तेच वाचावं. ब्रुबेकर यांचा २००५ पासूनचा कॅप्टन अमेरिका सुरुवातीला उत्तम. पंचविसाव्या अंकात तुम्ही जरा अडखळाल. स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे खुद्द कॅप्टन अमेरिका, बेड्यांमध्ये, कोर्टाच्या पायऱ्यांवर. चोविसाव्यात तर तो मोकळा होता. पकडला कसा गेला ते ‘सिव्हिल वॉर’ नावाच्या दुसऱ्या मालिकेच्या सातव्या अंकात आहे. तिकडे जाऊ नका. बेड्या दिसल्या, एवढं पुरे, पान उलटा.